झांझिबारला सहली नेणाऱ्या मराठी पर्यटन कंपन्यांना आणि टूर लीडरना खुले पत्र

स.न.वि.वि.

टांझानियाची सफारी संपली की शेवटचे तीन-चार दिवस झांझिबारला, हा कार्यक्रम आता आपल्याकडे चांगलाच रुळला आहे. स्टोन टाउन, मसाल्याच्या बागा, पाजेचा किनारा आणि वाटेत जोझानीचे जंगल. कार्यक्रमपत्रिकेत जोझानीच्या वाट्याला बहुतेक एकच ओळ येते: ‘दुर्मीळ लाल माकडे पाहणे’. हे पत्र त्या एका ओळीबद्दल आहे.

मागण्या आधीच सांगतो, म्हणजे घाईत वाचणाऱ्यांपर्यंतही पोचतील. जोझानीच्या पट्ट्यात गाडीचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर जाणार नाही, अशी लेखी अट तिथल्या गाडीवाल्यांशी होणाऱ्या करारात घाला. जंगलाची भेट दुपारी न ठेवता सकाळी ठेवा. खाऊची पिशवी गाडीतच राहील, ही जबाबदारी टूर लीडरवर टाका. आणि माकडाला खेटून काढलेले फोटो जाहिरातींतून काढून टाका. या चारांपैकी एकाही गोष्टीने सहलीचा खर्च वाढत नाही. थोडा वेळ जातो, तो किती तेही पुढे सांगतो.

आधी हे माकड नेमके कोणते ते पाहू. याला झांझिबारचे लाल कोलोबस म्हणतात, स्थानिक लोक ‘किमा पुंजू’ म्हणतात. १८६८ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ जॉन एडवर्ड ग्रे यांनी त्याचे शास्त्रीय वर्णन केले आणि झांझिबारमध्ये राहणाऱ्या जॉन कर्क यांचे नाव त्याला दिले. जगात ते फक्त उंगुजा बेटावर, म्हणजे आपण ज्याला झांझिबार म्हणतो त्या मुख्य बेटावर आणि त्याला लागून असलेल्या उझीसारख्या छोट्या बेटांवर आहे. १९७० च्या दशकात चौदा माकडे उत्तरेकडच्या पेंबा बेटावर नेऊन सोडली होती, त्यांची थोडी प्रजा तिथे टिकून आहे. याखेरीज कुठेही नाही. लाल कोलोबस प्राणिसंग्रहालयात जगवता आलेले नाहीत, त्यामुळे ‘जंगलात संपले तरी पिंजऱ्यात काही उरतील’ हा आधारही या माकडाला नाही. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या (आययूसीएन) लाल यादीत ते ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे.

फोटो निवडताना गफलत होते, म्हणून ओळख नीट करून घ्या. पाठ विटकरी-तांबूस, खांदे आणि हातांची बाहेरची बाजू काळी, पोट पांढरे. चेहरा काळा, नाकावर आणि ओठांवर गुलाबी डाग, आणि चेहऱ्याभोवती पांढऱ्या केसांची विस्कटलेली झालर. शेपूट लांब, पण पकडीची नाही. ती तोल सांभाळायला. हात मात्र जवळून पाहण्यासारखा असतो: अंगठा जवळजवळ नाहीच, चार लांब बोटे आकड्यासारखी वळलेली. त्या चार बोटांनी ते डहाळी ओढून घेते, शेंड्याची कोवळी पाने खुडते, कधी नुसता देठ चघळते आणि उरलेले खाली टाकून देते. फोटोतले माकड काळेकुळकुळीत आणि खांद्यांवरून लांब पांढरे केस लोंबणारे असेल, तर ते आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचे काळे-पांढरे कोलोबस. करड्या अंगाचे, पांढऱ्या गळ्याचे असेल, तर ते साइक्सचे माकड. हे साइक्स जोझानीतही भेटते आणि पर्यटकांच्या डब्यांजवळ घुटमळते. त्याला गालात खाऊ साठवायच्या पिशव्या असतात, कोलोबसला त्या नसतात. ‘आम्ही माकडांना केळी दिली, त्यांनी खाल्ली’ असे सांगणाऱ्यांनी पुष्कळदा हे साइक्स पाहिलेले असते.

आता खाऊचा मुद्दा, कारण आपल्या लोकांच्या बाबतीत तोच सर्वांत नाजूक आहे. घाटात गाडी थांबवून वानरांना केळी, फुटाणे द्यायचे, गडावर मारुतीच्या देवळापाशी शेंगदाणे टाकायचे, हे आपल्याकडे भक्तीने आणि मायेने केले जाते. ही माया घेऊनच आपली माणसे जोझानीत उतरतात. त्यांना नुसते ‘मनाई आहे’ म्हटले तर पटत नाही, कारण सांगितले तर पटते. कारण असे आहे.

कोलोबसचे पोट एकाच पिशवीचे नाही. त्यात कप्पे असतात आणि पहिल्या मोठ्या कप्प्यात जिवाणू पाने आंबवून पचवतात, साधारण गाई-म्हशींच्या पोटात होते तसे. त्या जिवाणूंना पाने, कळ्या, कच्ची फळे लागतात. पिकलेल्या गोड फळातली साखर तिथे पोचली की ती झपाट्याने आंबते, कप्प्यातला आम्लपणा वाढतो, पाने पचवणारे जिवाणू मरू लागतात आणि जनावर आजारी पडते. म्हणूनच हे माकड आपणहून पिकलेली गोड फळे टाळते. आपले वानरही याच पानखाऊ गटातले आहे. ते केळी पचवताना दिसते म्हणून कोलोबसही पचवेल, असे समजणे चुकीचे आहे. बिस्किटे, बाकरवडी, चिवडा यांचे तर बोलायलाच नको. टूर लीडरने बसमध्ये एवढेच सांगावे: ‘हे माकड गोड खाऊन मरू शकते.’ हे वाक्य लोक विसरत नाहीत.

या पोटाची आणखी एक गोष्ट मराठी माणसाला जवळची वाटेल. जोझानीच्या कडेला पेटे गावाच्या बाजूला जी माकडे राहतात, ती शेताबांधावरच्या आंब्याची आणि देशी बदामाची कोवळी पाने खातात. दोन्ही झाडे कोकणकिनाऱ्यावर जागोजाग दिसणारी. त्या पानांत फिनॉलवर्गीय द्रव्ये खूप, म्हणजे पचायला जड. त्यावर उतारा म्हणून ही माकडे कोळसा खातात: जळक्या खुंटाला चिकटलेला, कोळशाच्या भट्टीपाशी पडलेला, कधी घराजवळून उचललेला. कोळसा ती द्रव्ये शोषून घेतो. शास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात याचा पद्धतशीर अभ्यास केला आहे. तेव्हा तोंड काळे झालेले माकड दिसले तर ‘भुकेने कोळसा खातेय बिचारे’ म्हणून कोणी पिशवीत हात घालू नये.

संख्येबद्दल एक गैरसमज दूर करायला हवा. वाइल्डलाइफ कन्झर्व्हेशन सोसायटी या वन्यजीव संस्थेने सुमारे दोन वर्षे खपून बेटभर गणना केली, तेव्हा ५,८०० हून अधिक कोलोबस मोजले गेले. आधीच्या अंदाजाच्या हा आकडा तिपटीहून जास्त होता. ‘माकडे तिप्पट झाली’ असा त्याचा अर्थ कोणी लावू नये. आधी नीट मोजली नव्हती, आता मोजली, एवढाच तो फरक. त्याच अभ्यासात पिल्ले मोठी होईपर्यंत टिकण्याचे प्रमाण कमी असल्याचेही दिसले. मादीला एका वेळी एकच पिल्लू होते, पुढचे व्हायला वर्षे जातात. अनेक कळप संरक्षित जंगलाबाहेर, तुकड्या-तुकड्यांच्या झाडीत अडकलेले आहेत. एखादा तुकडा तुटला की तिथल्या कळपाला जायला जागा नसते, तो शेजारच्या झाडीत दाटीने राहतो. जोझानीच्या रस्त्याकडेला माकडे भरपूर दिसतात, त्याला ही दाटीही कारण आहे. पर्यटक घरी येऊन सांगतात, ‘कसली दुर्मीळ, ढिगाने होती!’ टूर लीडरला हा खुलासा करता आला पाहिजे.

आता रस्ता. या पत्राचा गाभा हाच आहे.

झांझिबार शहराकडून पाजे, जांबियानी, मकुंदुचीकडे जाणारा डांबरी रस्ता जोझानी-च्वाका बे राष्ट्रीय उद्यानातून जातो. उद्यान २००४ मध्ये झाले, क्षेत्र सुमारे ५० चौरस किलोमीटर, आणि झांझिबारमधले ते एकमेव राष्ट्रीय उद्यान. २०१६ मध्ये युनेस्कोने या परिसराला जीवावरण राखीव क्षेत्राचा दर्जा दिला. पर्यटकांना माणसाळलेले जे कळप दाखवतात, ते या रस्त्याच्या अगदी कडेचे. रस्त्याच्या एका अंगाला जंगल, दुसऱ्या अंगाला शेते आणि फळझाडे, आणि माकडे दिवसातून अनेकदा इकडून तिकडे जातात. जिथे फांद्या वरून एकमेकींना भिडतात तिथून ती उड्या मारत जातात. जिथे भिडत नाहीत तिथे खाली उतरून डांबरावरून चालत जातात.

गतिरोधक बसवण्याआधी या पट्ट्यात दर दोन-तीन आठवड्यांना एक कोलोबस गाडीखाली मरत असल्याचा अंदाज होता. गतिरोधक झाल्यावरच्या काळाचा अभ्यास ब्रिटनमधल्या बँगॉर विद्यापीठाच्या संशोधकांनी झांझिबारच्या वनखात्याबरोबर केला, त्यात हे प्रमाण सुमारे दर सहा आठवड्यांना एकावर आलेले दिसले. म्हणजे उपाय लागू पडतो, पण पुरेसा पडत नाही. कारण साधे आहे. गतिरोधक ओलांडला की चालक पुढच्या गतिरोधकापर्यंत वेग घेतो आणि माकडे गतिरोधक पाहून रस्ता ओलांडत नाहीत.

गाडीने मरणाऱ्या माकडांत आणि शिकारी प्राण्याने मारलेल्या माकडांत मोठा फरक आहे. शिकाऱ्याच्या तावडीत बहुधा पिल्लू, म्हातारे किंवा आजारी जनावर सापडते. गाडी धडधाकट, पिल्ले होण्याच्या वयातली मादीही तितक्याच सहज मारते. ती मेली की तिला पुढे होणारी सगळी पिल्लेही गेली. शिवाय पोटाशी पिल्लू असले तर तेही जाते. या बेटावरचा बिबट्या विसाव्या शतकात संपल्यात जमा झाला. कोलोबसचा मोठा नैसर्गिक शत्रू गेला आणि त्याची जागा गाड्यांनी घेतली.

वेगाचा हिशोब तुमच्या ऑपरेशन्सच्या माणसांनी एकदा डोळ्यांखालून घालावा. धोका लक्षात येऊन ब्रेकवर पाय पडायला दीड सेकंद धरला, तर कोरड्या रस्त्यावर ताशी ८० च्या वेगातली गाडी पूर्ण थांबायला सुमारे ७० मीटर घेते. ताशी ५० ला सुमारे ३५ मीटर लागतात. ताशी ३० ला साधारण १८. वळणावर, दोन्ही बाजूंना झाडी असताना चालकाला पुढचे ७० मीटर स्पष्ट दिसतातच असे नाही, पण १८ मीटर नक्की दिसतात. भरलेल्या मिनीबसला यापेक्षा थोडे जास्तच लागते. ओल्या रस्त्यावर ८० चे अंतर ९५ मीटरच्या आसपास जाते, ३० चे मात्र बावीसच्या आतबाहेर राहते.

ओल्या रस्त्याचा उल्लेख मुद्दाम केला. मसिका, म्हणजे तिथला मोठा पाऊस, साधारण मार्च ते मे पडतो आणि वुली, म्हणजे धाकटा पाऊस, ऑक्टोबर ते डिसेंबर. आपली मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळीची सुट्टी दोन्ही बरोबर या दोन पावसांत येतात. आपल्या सहलींचा भर ज्या आठवड्यांत असतो, त्याच आठवड्यांत तो रस्ता सर्वांत निसरडा असतो.

वेळ किती जातो? समजा माकडांचा पट्टा पाच किलोमीटरचा धरला. ताशी ६० ने तो पाच मिनिटांत संपतो, ताशी ३० ने दहा मिनिटांत. जाताना पाच आणि येताना पाच, अशी दिवसाची दहा मिनिटे. पर्यटकांना आधी सांगून ठेवले तर तीच दहा मिनिटे जंगल पाहण्याची होतात, कारण हळू चालणाऱ्या गाडीतून माकडे दिसतात आणि धावत्या गाडीतून दिसत नाहीत.

चालकाला द्यायची एक सूचना वेगाइतकीच महत्त्वाची आहे. कळप रस्ता ओलांडतो तेव्हा सगळे एकदम जात नाहीत. एक पुढे जाते, थांबते, मागे बघते, मग दोन-तीन, मग बराच वेळ कोणी नाही, आणि शेवटी मागे राहिलेले एखादे अर्धवट वाढलेले पोर जिवाच्या आकांताने पळत सुटते. चालक पहिल्याला वाट देतो, ‘गेले’ म्हणून गिअर टाकतो आणि हे शेवटचे चाकाखाली येते. म्हणून नियम असा हवा: एक माकड ओलांडताना दिसले की गाडी उभी करायची, दोन्ही बाजूंच्या झाडांवर नजर टाकायची, हालचाल पूर्ण थांबली की मगच पहिल्या गिअरमध्ये निघायचे. हॉर्न वाजवायचा नाही. हॉर्नने माकडे बिचकतात आणि रस्त्याच्या मधोमध दिशा बदलतात. मागच्या गाडीला कळावे म्हणून चारी इंडिकेटर लावायचे. तिथेही आपल्यासारखीच डाव्या बाजूने वाहतूक चालते, त्यामुळे पुढे बसलेल्या टूर लीडरला रस्ता वाचणे अवघड नाही. चालकाला ‘पोले पोले’ म्हटले की पुरते. स्वाहिलीत ‘हळूहळू’ला हाच शब्द आहे आणि तो तिथे दिवसभर कानावर पडतो.

करारात घालायची अट अशी ठेवता येईल: ‘जोझानी उद्यानाच्या हद्दीत वाहनाचा वेग ताशी ३० किलोमीटरपेक्षा जास्त असणार नाही. सहलीत दोनदा उल्लंघन आढळल्यास पुढील गटांसाठी तो चालक नेमला जाणार नाही.’ हल्ली बऱ्याच गाड्यांत जीपीएस असते, त्याची नोंद मागवता येते. नसेल तर टूर लीडरच्या मोबाइलवरचे नकाशाचे अ‍ॅपही वेग दाखवते. एक मात्र न विसरता करा: त्या दिवसाचा कार्यक्रम इतका दाबून बसवू नका की चालकाला वेग घ्यावाच लागेल. सकाळी किझिमकाझीला डॉल्फिन, मग जोझानी, मग समुद्रातल्या खडकावरच्या रेस्टॉरंटमध्ये ठरल्या वेळेचे जेवण, मग सूर्यास्ताला नौका, असा दिवस आखला तर करारातली अट कागदावरच राहील. दोष चालकाचा दिसेल, पण घाई आपण आखून दिलेली असेल.

उद्यानातली भेट सकाळी लवकर ठेवावी, असे म्हणतो त्यामागे दोन कारणे आहेत. ही माकडे सकाळी आणि दुपार कलल्यावर खातात, भर दुपारी विसावतात. सकाळी ती हलती, खाती दिसतात, हे पहिले. दुसरे जास्त महत्त्वाचे. दुपारचा तो विसावा म्हणजे आळस नव्हे, पोटातली पाने आंबायला आणि पचायला लागणारा तो वेळ आहे. त्या वेळी चाळीस जणांचा घोळका खाली उभा राहून टाळ्या वाजवू लागला की ती उठून दुसरीकडे जातात. मोठा गट असेल तर आठ-आठ, दहा-दहा जणांच्या तुकड्या करून, प्रत्येक तुकडीसोबत उद्यानाचा एक वाटाड्या घ्या. एक तुकडी माकडांपाशी असताना दुसरीला खारफुटीतल्या लाकडी पायवाटेवर न्या, तिसरीला जोझानीच्या आतल्या जंगलात. ते जंगल पाहण्यासारखे आहे. भूजल तिथे इतके वर आहे की पावसाळ्यात झाडांची मुळे पाण्यात उभी असतात.

अंतर किती ठेवायचे? आययूसीएनच्या माकडवर्गीय तज्ज्ञांनी फोटोंसाठी जो दंडक दिला आहे त्यात माणूस आणि प्राणी यांच्यात किमान ७ मीटर अंतर आणि माणसाच्या तोंडावर मास्क सांगितला आहे. जोझानीत अडचण अशी की इथली माकडे आपणच जवळ येतात. डोक्याच्या उंचीच्या झुडपावर बसून खातात, पायवाटेवर उतरतात. त्यामुळे ‘मी नाही गेलो, तेच आले’ हे उत्तर तयार असते. त्यावर उपाय म्हणजे ते पुढे आले की आपण मागे व्हायचे, वाट अडवायची नाही, गोल करून उभे राहायचे नाही. सेल्फी स्टिक बंद, फ्लॅश बंद. सर्दी, खोकला, ताप किंवा जुलाब असलेल्याने त्या दिवशी माकडांपाशी जाऊ नये. माणसाचे श्वसनाचे आजार माकडांना होऊ शकतात आणि जी प्रजाती मोजक्या बेटांवरच आहे तिच्यात साथ शिरली तर बाहेरून नवे कळप आणून भर घालता येत नाही. प्रत्येकी दोन मास्क सामानाच्या यादीत घातले की झाले.

वाटाड्याला निघण्यापूर्वीच सांगा की आम्हाला जवळ जायचे नाही. हे सांगणे गरजेचे आहे, कारण पर्यटक जवळ गेला की खूश होतो, खूश झाला की बक्षिसी देतो, हे गणित त्यालाही माहीत असते. तुमच्या गटाची बक्षिसी ज्याने सर्वांना लांब ठेवले त्याला मिळते, असे दोन-तीन फेऱ्यांत कळले की तो आपणहून तसे करू लागेल.

जाहिरातीतल्या फोटोंचा आग्रह का, तर पर्यटक घरून निघतानाच ठरवून येतो की मला ‘तसाच’ फोटो हवा. खांद्याशेजारी माकड असलेला एक फोटो तुमच्या पानावर असला की टूर लीडरने बसमध्ये दिलेल्या दहा सूचना त्यापुढे फिक्या पडतात. फक्त माकड असलेला फोटो वापरा. उद्यानाची, वाटाड्यांची, त्या जंगलाचीही छायाचित्रे वापरता येतील.

गावकऱ्यांबद्दलही थोडे सांगितले पाहिजे, कारण आपले पर्यटक प्रश्न विचारतात आणि कोकणातले तर विचारतातच: ‘नारळाचे नुकसान कोण भरून देतो?’ शेतकऱ्यांची ही तक्रार जुनी आहे, कारण कोलोबस अगदी कोवळे, छोटे नारळ खाते. कर्स्टिन सीक्स आणि थॉमस स्ट्रुहसेकर या संशोधकांनी यावर काम करून १९९९ मध्ये निष्कर्ष मांडला. जिथे माकडांनी कोवळी फळे जास्त खाल्ली तिथे शेवटी उतरलेले नारळ कमी भरले नाहीत, उलट जास्तच भरले. माडाला लागलेल्या कोवळ्या फळांपैकी पुष्कळ तशीही गळून जातात. माकडांनी त्यातली काही खाल्ली तर उरलेल्यांना अन्नपाणी जास्त मिळत असावे, असा एक अर्थ लावला गेला. फळगळीने हैराण झालेल्या बागायतदाराला हे चटकन पटणार नाही, हे आम्हालाही कळते. आणि नारळाचे गणित सुटले तरी शेतातल्या इतर पिकांचा त्रास उरतोच. म्हणून माकडांमुळे येणारा पैसा गावात पोचणे महत्त्वाचे. उद्यानाचे शुल्क अधिकृत खिडकीवरच भरा. रस्त्यावर गाडी थांबवून ‘इथूनच दाखवतो’ म्हणणाऱ्याबरोबर गट नेऊ नका. तसे केले की उद्यानाला आणि गावाला काही मिळत नाही आणि गट भर रस्त्यावर उभा राहतो.

शेवटचा विषय हॉटेलांचा. २०२४ मध्ये सात लाखांहून अधिक परदेशी पर्यटक झांझिबारला गेले. २०२२ च्या जनगणनेत झांझिबारची लोकसंख्या सुमारे १८ लाख ९० हजार होती. एवढ्या लहान भूमीवर हा भार मोठा आहे. पूर्व किनाऱ्यामागची झाडी पोवळ्याच्या खडकावर उगवते. माती बोटभर, त्यामुळे एकदा तोडली की परत यायला फार वेळ लागतो. ती जळणासाठी, कोळशासाठी, चुनखडी भाजायला आणि शेतीसाठी तुटते. खारफुटीचे वासे बांधकामात जातात. खोल्या आरक्षित करताना तुम्ही एरवी स्वयंपाकघराचे, शाकाहारी जेवणाचे, गरम पाण्याचे प्रश्न विचारताच. त्यातच दोन वाढवा: स्वयंपाक गॅसवर होतो की कोळशावर, आणि बांधकामाचे लाकूड कुठून आणले. मोसमात शेकडो खोल्या घेणाऱ्याने विचारलेला प्रश्न हॉटेलवाला कानाआड करत नाही.

एखादे माकड गाडीखाली आलेले दिसलेच, तर टूर लीडरने काय करायचे तेही सांगतो. गाडी बाजूला घ्या, पर्यटकांना गाडीतच बसवा. माकड जिवंत असले तरी हात लावू नका. ते चावते आणि कळपातली बाकीची माकडे जवळच असतात. वेळ लिहा, मोबाइलवर ठिकाणाची खूण साठवा, लांबून एक फोटो घ्या आणि उद्यानाच्या स्वागत केंद्रात कळवा. मेलेल्याचीही नोंद व्हायला हवी, कारण पुढचा गतिरोधक कुठे बसवायचा हे त्याच नोंदींवरून ठरवता येते. फोटो सहलीच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर टाकू नका.

आफ्रिकेत लाल कोलोबसच्या डझनाहून अधिक जाती आहेत आणि बहुतेक सगळ्या संकटात आहेत. घाना आणि आयव्हरी कोस्टच्या जंगलांतले मिस वॉल्ड्रनचे लाल कोलोबस १९७८ नंतर कोणा शास्त्रज्ञाला जिवंत दिसल्याची खात्रीची नोंद नाही. झांझिबारचे कोलोबस अजून हजारांत आहे, तेव्हा त्याच्यासाठी करण्यासारख्या गोष्टी या अशा साध्या आहेत: ब्रेक, वेळापत्रक, डबा, फोटो.

बसमध्ये जोझानीच्या दहा मिनिटे आधी वाचून दाखवायला एक मजकूर खाली देतो. हवा तसा बदलून घ्या.

‘मंडळी, आता आपण जोझानीत शिरतोय. झांझिबारची ही लाल माकडे जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. गाडी आता मुद्दाम हळू जाईल, कारण माकडे रस्ता ओलांडतात. पाण्याच्या बाटल्या वगळता खाऊसकट सगळ्या पिशव्या गाडीतच ठेवायच्या. हे माकड गोड खाऊन मरू शकते, त्यामुळे मायेनेसुद्धा काही द्यायचे नाही. माकड जवळ आले तर आपण मागे सरकायचे. ज्यांना सर्दी-खोकला आहे त्यांनी मला आत्ताच सांगा, तुमच्यासाठी खारफुटीच्या पायवाटेची फेरी ठेवली आहे. बाकीच्यांनी मास्क लावून उतरायचे. फोटो झूम करून काढा. बोलायचे ते हळू आवाजात.’

दिवाळीच्या गटांचे करार होण्याआधी वेगाची अट त्यात यावी, एवढी विनंती. जी कंपनी ती घालेल तिने ते आपल्या कार्यक्रमपत्रिकेत ठळक छापावे. ग्राहकांनाही विचारायला एक प्रश्न मिळेल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
माकडवर्गीय प्राणी आणि वन्यजीव पर्यटन यांचे काही मराठी अभ्यासक